बायजाबाईचे चार प्रश्न

बायजाबाई गजभिये नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. राहायला जरीपटक्याजवळ, माहेर खाप्याचं. नवरा देवराव लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला जायचा. छप्पन साली दोघांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि पहिलं मूल कडेवर होतं.

बासष्ट साली चौथं बाळंतपण झालं. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून पाचव्या दिवशीच ती नळावर गेली आणि पाण्यानं भरलेले पितळी गुंड उचलून आणू लागली. महिन्याच्या आत तिचं अंग बाहेर यायला लागलं. उकिडवं बसलं, जड उचललं की गर्भाची पिशवी खाली उतरायची. खोकला आला की लघवी सुटायची. तिनं जुन्या लुगड्याचा पट्टा फाडला, घट्ट बांधला आणि कामाला लागली.

पुढं दवाखान्यात नोकरी लागली, तरी तिनं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरणी रोज शेजारून जायच्या. पण आपण त्या टेबलावर निजायचं म्हणजे उद्या सगळ्या वॉर्डाला विषय, असं तिला वाटायचं. रात्री ती मुलांना मध्ये घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. अशी अकरा वर्षं गेली.

त्र्याहत्तर साली डॉ. शोभा किनखेडे यांनी एक अभ्यास हाती घेतला. अंग बाहेर येण्याचा त्रास नेमका किती बायकांना असतो, हे त्यांना मोजायचं होतं. दवाखान्यात येणाऱ्या बायकांची नोंद होती. न येणाऱ्यांची कुठंच नव्हती. त्यांनी खापा निवडलं. तिथं घरोघरी हातमाग होते. बाया दिवसभर बसून कांड्या भरत आणि नदीवरून पाणी आणत. बायजाबाई तिथलीच लेक, म्हणून घरं दाखवायला तिला सोबत घेतलं.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी छापील कागदावरून बेचाळीस बायकांना विचारलं, गर्भाशय खाली सरकण्याची काही तक्रार आहे का. चाळीस जणी नाही म्हणाल्या. दोघी नुसत्या हसल्या. डॉक्टरबाईंना वाटलं, गाव चुकलं.

परतीची एसटी यायला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर त्या कागद चाळत बसल्या.  बायजाबाई खाली बघत म्हणाली, "बाई, तुमी जे इचारून राहिल्या ते त्यायले समजूनच नाई राहिलं."

"मग कसं विचारायचं?"

"मले इचारा. मले हाय ते. अकरा वर्सं झाले."

डॉक्टरबाईंनी पेन बंद केलं. त्या ना रागावल्या, ना हळहळल्या. एसटी आली, निघून गेली. दुसरी येईपर्यंत बायजाबाई सांगत होती आणि त्या ऐकत होत्या.

त्या बाकावर चार प्रश्न तयार झाले. उकिडवं बसलं की खाली काही आल्यासारखं वाटते काय? खोकललं, हसलं की लुगडं ओलं होते काय? हातानं वर ढकला लागते काय? आणि चौथा, हे आजवर कोणाले सांगतलं काय?

पुढच्या खेपेला त्याच बेचाळीस घरी बायजाबाईनं विचारलं. माणसं मागावर बसली की ती बाईला मागच्या अंगणात न्यायची आणि आधी स्वतःचं सांगायची. एकोणीस जणींनी होकार दिला. चौथ्या प्रश्नाला त्या एकोणीसही जणींनी मान हलवली, नाही.

त्यांत तिची सख्खी आत्या होती, तुळसाबाई, साठीची. तीस वर्षं ती हे सोसत होती. म्हणाली, "मले वाटलं, पाच लेकरं झालेल्या बाईचं असंच राह्यते." तिला दमा होता, ऑपरेशन झेपलं नसतं. डॉक्टरबाईंनी पिशवीला आधार द्यायला आत रबरी कडं बसवून दिलं. त्या महिन्यात तुळसाबाई कन्हान नदीच्या घाटापर्यंत एकटी चालत जाऊन आली आणि तिनं ही गोष्ट गल्लीभर सांगितली.

आता डॉक्टरबाईंनी बायजाबाईला विचारलं की तिचं स्वतःचं काय. ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही लागत होती, आणि त्यासाठी देवरावला सांगणं भाग होतं.

रविवारी दुपारी, मुलं बाहेर गेल्यावर तिनं सांगितलं. देवराव ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले वाटे, तू माह्यावर नाराज हायेस. म्हणून तोंड फिरवून झोपते."

"नाई जी. लाज वाटे."

"तर मले काहून नाई सांगतलं वं?"

 ती रडली, आणि तोही डोळे पुसत उठला. दुसऱ्या दिवशी तो आरामशीनवर गेलाच नाही. धुतलेला सदरा घालून दवाखान्यात आला आणि सही केली.

ऑपरेशन नीट झालं. तीन महिने जड उचलायचं नव्हतं. देवराव पहाटे नळावर रांगेत उभा राहायचा. गल्लीतली माणसं हसली, आणि मग कंटाळून हसायची थांबली. पट्टा सोडून पहिल्यांदा घरभर फिरली तेव्हा बायजाबाईला आपली चाल अनोळखी वाटली. ती सारखी मागे हात लावून बघायची. कोरडं होतं.

अभ्यासाला आणखी दोन वर्षं लागली. डॉक्टरांच्या एका सभेत तो वाचला गेला तेव्हा एका वयस्कर डॉक्टरांनी शंका काढली, की एकाच गावात आधी एकही नाही आणि नंतर एकोणीस कशा. शोभाताईंनी सांगितलं की गाव तेच होतं, प्रश्न बदलले होते; आणि ते प्रश्न आमच्या वॉर्डातल्या आयाबाईंनी केले. छापील लेखाच्या शेवटी बायजाबाईचं पूर्ण नाव आलं. तिच्या थोरल्या मुलीनं ते वाचून दाखवलं.

पुढं खाप्याच्या, सावनेरच्या सुईणींना शिकवायला तिलाच पाठवू लागले. बाळंतिणीला दीड महिना गुंड उचलू देऊ नका, असं ती सांगायची. लघवी थांबवावी तसं आतून आकसून धरायचं, दहापर्यंत मोजून सोडायचं, हे सगळ्यांकडून करून घ्यायची. सुईणी तोंडाला पदर लावून हसायच्या, पण करायच्या.

ऐंशी साली दवाखान्यानं या त्रासासाठी दर गुरुवारी वेगळी ओपीडी सुरू केली. दाराशी खुर्ची टाकून बायजाबाई बसायची. पहिल्या गुरुवारी सात जणी आल्या. दिवाळीच्या सुमारास बाकं पुरेनाशी झाली, तेव्हा तिनं शेजारच्या वॉर्डातून दोन मागवून घेतली.