वसंताच्या नावापुढची लाल रेघ

मी चौथी शिकलेली बाई. परळला अठ्ठावीस वर्षं खानावळ चालवली. झपाटणं, अंगात येणं असलं काही कोणी काढलं की मी म्हणायची, आधी जेवून घे, रिकाम्या पोटी काहीही दिसतं. आणि आता मीच हे सांगायला बसलेय…

आमची चाळ पाडून टॉवर होणार आहे. खोली अजून माझ्या बाबांच्या नावावर. घरातल्यांची माहिती कमिटीच्या वेबसाइटवर भरायची होती, शनिवारी पाच वाजेपर्यंत. वारस दोघंच, मी आणि धाकटा भाऊ वसंता. तो चाळीसेक वर्षांपूर्वी 'वरळीला एका कामाचं बघून येतो' म्हणून गेला, तो आलाच नाही. पोलीस झाले, गावाला विचारून झालं. पुढे आम्ही तो गेला असंच धरलं.

शनिवारी जेवणं उरकल्यावर सून मनीषा लॅपटॉप घेऊन बसली. मी शेजारी. ती टाइप करत होती आणि प्रत्येक नावाखाली लाल नागमोडी रेघ येत होती.

"चुकतेयस तू," मी म्हटलं.

"अहो आई, हा ब्राउझरचा स्पेलचेक. त्याला मराठी येत नाही, म्हणून सगळंच चूक म्हणतो."

"येत नाही तर मास्तर कशाला झालाय?"

ती हसली. सेटिंगमध्ये जाऊन तिने तो बंदच केला. रेघा गेल्या. एक राहिली.

फॉर्ममध्ये प्रत्येक नावापुढे हयात की मयत ते लिहायचं होतं. बाबा मयत, आई मयत, तिथे काही नाही. वसंता मयत — तिथे रेघ.

मनीषाने पान बंद करून उघडलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पहिल्यापासून भरलं. शेवटी माझ्या मुलाच्या, संदीपच्या मोबाइलवर भरून पाहिलं. तिथेही तेच.

"आई, रेघ काय तिकडे जात नाही," संदीप वैतागला. "पाठवून दे ना! टॉवरमधली खोली घालवशील तू."

"खोली माझ्या बापाची आहे. गप्प बस."

मनीषाने परत लॅपटॉपवर सहज त्या जागी 'हयात' लिहिलं. रेघ गेली. परत 'मयत' लिहिलं. आली. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा तिने कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

मी उठले, गॅलरीत गेले, परत आले, परत गेले. पावणेपाच झाले. भाऊ मेला हे मी चाळीस वर्षांत कितीतरी जणांना तोंडाने सांगितलं होतं, कधी जीभ अडली नाही. पण लिहून द्यायचं म्हटल्यावर…

"मयत काढ," मी म्हटलं. "पत्ता नाही, असं लिही."

तिने लिहिलं. रेघ नाही. फॉर्म गेला.

आता कमिटी म्हणते, नक्की काय ते कागदावर आणा, तोवर खोलीचं पुढे सरकणार नाही. संदीप माझ्याशी कामापुरतं बोलतो. सोमवारी मनीषाने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला लॅपटॉप दाखवला. त्याने तेच सगळं लिहिलं, वसंता मयतसुद्धा. काहीच आलं नाही. म्हणाला, बंद केल्यावरही जुनं कधीकधी राहतं मॅडम. मनीषाने विचारलं, एकाच शब्दाखाली? मोबाइलवरसुद्धा? त्याने लॅपटॉप मिटून परत दिला.

म्हाळाला आईबाबांच्या पानांशेजारी मी वसंताचंही पान वाढते, इतकी वर्षं, घरात करणारं दुसरं कोणी नाही म्हणून. यंदा दोनच पानं गच्चीवर ठेवली.

"मामांचं?" मनीषाने विचारलं.

"जिवंत माणसाचं पान कावळ्याला घालू?" मी ओरडले तिच्यावर.

तो असला, तर ठीकच केलं. नसला, तर यंदा माझा भाऊ उपाशी राहिला.