कतुब्यातली जादा ओळ

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळी मी शेगाव स्टेशनावर मालबाबू होतो. आसपास बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला यहुदी, म्हणावा असा मी एकटाच. त्यामुळे यहुदी धर्माबद्दल मी बोलेन तेच शास्त्र, अशी माझी समजूत झालेली.

पिंपळगाव राजाचे एक पाटील कापसाच्या गाठी चढवायला येत. त्यांच्या घरात दोन बायका. एकदा गाठीवर बसून त्यांनी विचारलं, "काऊन बाबू, तुमच्यात दोन चालतात का?"

मी सुटलोच. आमच्या याकोबाच्या घरात सख्ख्या दोघी बहिणी नांदल्या. धर्मग्रंथात मनाई नाही. बंदी घातली ती पुष्कळ नंतर, युरोपातल्या धर्मगुरूंनी, तीही त्यांच्या लोकांपुरती. आम्हा कोकणातल्यांना ती लागू नाही!

"म्हंजे मोकळं रान हाय तुमाले," पाटील म्हणाले.

माझी छाती फुगली. घरात एकही नव्हती, ती गोष्ट वेगळी.

पुढे अलिबागेहून मुलीचे वडील मला बघायला आले. मुलगी मी आधीच पाहिलेली, आणि हे जमलं नाही तर आपलं काही खरं नाही, इतकी ती मनात भरलेली. माझी भलामण करायला पाटील आपणहून चहाला हजर.

"पाव्हणे, पोरगा सोनं हाय. दारू नाही, बिडी नाही. अन् धर्मात दोन चालतात, तरी यानं अजून एकबी केली नाही!"

वडिलांनी कप खाली ठेवला. "दोन चालतात हे कोणी सांगितलं?"

"यानंच."

तेव्हा तरी मी गप्प बसावं ना! मी म्हणालो, "मामा, परवानगी आहे, सक्ती नाही."

चहा अर्धाच टाकून ते पुढच्या गाडीनं परत निघाले.

मग निरोप आला. मुलगी लग्नाला तयार आहे, पण कतुब्यात, म्हणजे नवरा बायकोला लिहून देतो त्या करारात, एक ओळ जादा हवी: ही असेपर्यंत दुसरी करणार नाही. अशी अट घालायची वहिवाट आमच्यात जुनीच. शास्त्र मोकळं सोडतं, ते बायका करारात बांधून घेतात. पाटलांना एवढं शास्त्र ऐकवलं, त्यात नेमकं हेच सांगायचं राहिलं होतं. मी नाचत होकार कळवला.

लग्नात आमच्या हजानांनी, म्हणजे पुरोहितांनी, सगळ्यांसमोर कतुबा वाचला. त्या ओळीशी थांबून म्हणाले, "हे तू स्वतःच्या तोंडानं बोल." मी कसंबसं पुटपुटलो.

मोगऱ्याच्या सेहऱ्याआडून नवरीचा आवाज आला, "जरा मोठ्यानं. मागं पाटलांना ऐकू गेलं नाही."

मी असा ओरडलो की शेवटच्या रांगेतून फेटा सावरत पाटील म्हणाले, "हाव हाव, आलं ऐकू!"