माझ्या भावाची पहिली बोली

माझा धाकटा भाऊ आमच्याच घरात जन्मला. नाक वडिलांचं, कपाळ आईचं आणि शिंक तर थेट वडिलांची, चार घरं दचकतील अशी. बोलायला मात्र तो शेजारच्या घरी शिकला. आईला ते फार लागलं.

बहात्तरचा दुष्काळ होता. नळदुर्गच्या अलीकडं, हैदराबाद रस्त्याला लागून आमचं गाव. आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे. मी शाळेत, कारण तिथं खायला सुकडी मिळायची आणि ती बुडवण्याइतकी मी खुळी नव्हते. राहता राहिला भाऊ, अजून रांगतही नव्हता. कामावर झाडाला झोळी बांधावी तर झाडावर पान नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून खाला राहायची, दोन्ही घरांत एक मधलं दार. आम्ही बौद्ध, ती मुसलमान. तिचा नवरा हमरस्त्यावर ट्रकचे पंक्चर काढायचा. तिनं आईच्या हातातून पोर ओढूनच घेतलं. म्हणाली, "जाओ तुम. चार हैं मेरे, ये पांचवां."

दोन उन्हाळे तो तिथंच वाढला. भूक लागली की रडायचा, ते कुठल्याही पोरासारखंच. बाकी सगळं त्यानं त्या अंगणातून उचललं. नको असलं की हनुवटी वर करून जीभ टाळ्याला लावून 'च्' करायचा, अगदी खालासारखा. हवं असलं की 'होना', पटलं की 'हौ'. खालाला तिची पोरं अम्मा म्हणायची, म्हणून हाही अम्मा म्हणायचा. आईला तो काहीच म्हणत नसे. ती अंधार पडता यायची, खडीच्या धुळीनं पांढरी झालेली. तो तिच्याकडं पाव्हणी आल्यासारखा बघायचा.

मग पाऊस झाला, गावात दूध सोसायटी निघाली आणि आमच्या दारात म्हैस आली. आई आता घरी होती. एके दिवशी भाऊ उंबऱ्याला अडखळून पडला, ओठ फुटला. आई हात पसरून धावली. तर हा पठ्ठ्या तिच्या हाताखालून निसटला आणि "अम्मा! अम्मा!" करत शेजारी पळाला.

आईनं त्याला उचलून आणलं आणि मधलं दार लावून टाकलं. "लई झालं," ती म्हणाली. "माझं लेकरू हाय. मला आई म्हनंल तवाच दार उघडंन."

भावानं आई म्हटलं नाही. त्यानं बोलणंच सोडलं. हौ नाही, होना नाही, चिमणीएवढा आवाज नाही. आधी आम्हाला वाटलं, रुसलाय. मग चंद्र दोनदा भरला आणि सरला, तरी पोर गप्पच. आईचं तोंड उतरलं. आत्या आली, तिनं मधात वेखंड उगाळून त्याच्या जिभेवर चोळलं. त्यानं तोंड वाकडं केलं, बस्स. मग कुणी सांगितलं चिमणीचं उष्टं पाणी पाजा. आई परातीत पाणी ठेवून दुपारभर चिमण्यांची वाट बघत बसली. मला हसू येत होतं आणि तिची दयाही. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं. जिभेखालचा दोरा आखूड असंल, कापा, असं आईनंच त्याला सुचवलं. त्यानं बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाला, "जीभ चांगली आहे बाई. कान चांगले आहेत. घरात याच्याशी बोलतं कोण?"

आई एसटीत एक शब्द बोलली नाही. आता दोघं मुके, मी मनात म्हटलं.

घरी आल्यावर तिनं मधलं दार उघडलं. खाला भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"पोरगं बोलंना," आई म्हणाली.

"किससे बोलेगा? दरवाजे से?" खाला म्हणाली. मग भाकरी टाकून पुढं आली. "मेरे को भी सुना सुना लगता था ना. एक बार तो आवाज देते. तुम उसकी बोली में बात करो, बोलेगा वो."

"मला न्हाय येत तुमची बोली."

"अय्यो! बाजार में बांगडीवाले से झगड़ते वक्त तो बराबर आती!"

आई हसली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागली.

संध्याकाळी आई धार काढत होती. सोसायटीत पहिलं माप आमचं असावं याची तिला भारी हौस. दुधाचा थेंब घरात राहत नसे. आम्हाला कोरा चहा. भाऊ गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. आईनं त्याच्याकडं बघितलं, घसा खाकरला आणि बाजारातल्या त्या खरखरीत बोलीत म्हणाली, "पानी होना क्या रे?"

भावानं हनुवटी वर केली. "च्."

आईचे हात थांबले. म्हशीनं पाय झाडला, तरी तिचं लक्ष नाही.

"फिर क्या होना?"

त्यानं खांब सोडला. मग पुढं आला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अम्मा, दूध होना."

आईनं चरवी तशीच उचलून त्याच्या ओठाला लावली. फेस त्याच्या नाकाला लागला, कपाळाला लागला. उरलेलं तिनं मला दिलं, आणि तरी उरलं ते खालाच्या पोरांना हाका मारून वाटलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरून सोसायटीत दूध गेलं नाही.