सहा देव, सात देव
गिरडजवळच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर, रुखमा आणि तिचा नवरा जंगू राहत. टोल्याची रीत कडक होती. सहा देव पुजणाऱ्या घरानं सात देवांच्या घरचीच मुलगी करायची. देव सारखे असले, तर ती बहीणभावंडं. रुखमा सात देवांची, जंगू सहा देवांचा.

बावन्न साली जंगूची आई मरताना बोलली, "तुले म्या पोसलं, जनलं नाही, बाबू. तू सात देवांच्या घरचा."

ती मेली, सुटली. मागे ही दोघं उरली, आणि रुखमाच्या पोटात बाळ.

जंगू गोठ्यात निजू लागला. एक दिवस रुखमा भडकलीच. "मले बहीन म्हन! एकदा म्हनून पाह्य, मंग खुशाल जाजो!"

जंगूनं तोंड उघडलं, पण शब्द निघेना. तो मटकन खाली बसून रडला. कुणाला सांगायचं नाही, एवढंच ठरलं.

मुलगी झाली. बारशाला रुखमाचा भाऊ गोमाजी आला. भाचीला मांडीवर घेऊन तो हसला, "हे माह्या पोराची बायको. दुधाची परतफेड, दिल्या बहिनीची पोर वापस आनाची, आपली रीतच हाये."

पुन्हा सात देवांची पोर सात देवांच्याच घरी! पण नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.

जंगू हो म्हणाला. रुखमानं भावाच्या हातावर सोयरिकीचा गूळ ठेवला.