उजव्या कौलानंतर

घाटमाथ्यावरच्या रानात, सुप्याच्या कचेरीत मी पोलीस शिपाई होतो. शिपाई म्हटलं की लोकांना वाटतं, हा चोर पकडत फिरत असेल. कसले चोर आणि कसलं काय! आमच्या त्या रानात चोरायला होतं काय? माझी निम्मी नोकरी कोठडीच्या दाराशी बसून गेली. बरेच कैदी आले नि गेले, तोंडंसुद्धा आठवत नाहीत. एक मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

दिग्गीच्या बाजूच्या वाडीतला कुणबी होता तो. तरणाताठा, कामाला दांडगा. डोंगरावरच्या नाचणीत राखणीला बसला होता. थोरला भाऊ भाकरी घेऊन चढून आला, तर ह्यानं झाडीतून येणाऱ्या भावावर ‘वाघ! वाघ!’ ओरडत कोयता घातला. मग प्रेतावर पानं पांघरली आणि माशा वारत बसून राहिला. माणसं जमली तेव्हा त्यानंच सांगितलं, ‘भावाला मी मारलं.’

कोठडीत तो अगदी शहाण्यासारखा राही. हाक मारली की ‘ओ’ देई, जेवला की थाळी घासून ठेवी. पण एका दुपारी आमचा दुसरा शिपाई पावसाची घोंगडी पांघरून पाणी द्यायला आत गेला आणि ह्याचा चेहराच पालटला. भिंतीला पाठ घासत कोपऱ्यात शिरला, धोतर ओलं झालं. ‘दादा, पळ! वाघ हाय!’ असं मला ओरडून सांगायला लागला. मला, पहारेकऱ्याला, वाचवायला बघत होता बिचारा! घटकाभरानं शांत झाला आणि विचारतो कसा, ‘पानी कुनी सांडलं वो?’ असलं सोंग कुणाला येतं? मी तरी पाहिलं नाही.

त्याच सुमारास घाटाखालून डॉक्टरसाहेब आले. आरोपीचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे कोर्टाला त्यांनी कळवायचं होतं. माणूस वाईट नव्हता. मला सरळ सांगितलं, ‘वेडाच्या भरात मारलं असं ठरलं तर वेड्यांच्या इस्पितळात जाईल, जगेल. शहाणपणी मारलं असं ठरलं तर फाशी.’ मग त्यांनी त्याला विचारलं, महिना कुठला, शेत कुणाचं, भाऊ कसा होता, माणूस मारला तर सरकार काय करतं. त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली. शेवटच्याला म्हणाला, ‘फास देतंय.’ मी कपाळाला हात लावला.

त्या दुपारचं मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ‘कोठडीत वेड पांघरणारे मी ढीगभर पाहिलेत. ह्याला आधी कधी असं झालं होतं का, ते गावाला विचारलं पाहिजे. तेवढं कळलं तर पुढचं मी बघतो.’

मी स्वतः गेलो माणसं आणायला. जळवा झटकत, ओढे तुडवत वाडीवर पोचलो. मनात म्हटलं, आता सुटलं पोरगं. गावकर म्हणजे गावचा म्होरक्या, दोन चुलते आणि म्हातारी आई, अशी चौघं माझ्याबरोबर आली. डॉक्टरांनी एकेकाला विचारलं.

‘आधी कधी भ्रम झाला होता?’

‘न्हाई.’

‘वाघ दिसतो म्हणायचा?’

‘न्हाई जी. ब्येस हाय त्यो.’

चुलते तेच म्हणाले. आईनं गावकराकडं बघितलं आणि तीही म्हणाली, ‘न्हाई.’

माझं टाळकं सणकलं. बाहेर आल्या आल्या मी गावकराला धरलं. ‘काय रे, पोराच्या जिवावर उठलास काय?’ तो इकडंतिकडं बघून हलक्या आवाजात बोलला. गेल्या साली ह्याच पोरानं दावणीचा बैल वाघ समजून तोडला होता, झाडावर चढून दिवसदिवस उतरत नसे. गावानं देवाला कौल लावला. पाषाणाला ओली फुलं चिकटवायची. उजवीकडचं पडलं की देवाचा होकार. उजवं पडलं, दुखणं निघून गेलं. आणि देवानं काढलेल्या दुखण्याचं नाव माणसानं पुन्हा घ्यायचं नाही. घेतलं की ते माघारी येतं.

‘अरे, माघारी आलंच की ते! थोरला त्यानंच मेला ना?’

‘म्हनून तर त्वांड उघडायचं न्हाई, शिपायदादा. येक गेला. ह्यो तरी ऱ्हावा.’

जीव वाचवायलाच गप्प बसले होते, सगळेच्या सगळे! मी म्हटलं, ‘अरे, गप्प बसलात तर फाशी आहे त्याला, फाशी!’ तो नुसती नकाराची मान हलवत राहिला. मी डॉक्टरांकडं धावलो. त्यांनी गावकराला परत बोलावलं, तर हात जोडून म्हणतो, ‘शिपायदादाला कायतरी वाटलं आसंल.’

पण माझं ओरडणं म्हातारीच्या कानांवर गेलं होतं. सकाळी डॉक्टरांची गाडी जुंपत होते तेव्हा ती बैलांपुढं आडवी पडली आणि घडाघडा बोलली. बैल, झाड, वाघ, सगळं. गावकरानं दोन्ही कान दाबून घेतले. चुलते मागं सरकले.

डॉक्टर खाली उतरले. ‘काल तू नाही म्हणाली होतीस ना?’

‘व्हय.’

‘मग आज काय झालं?’

‘आज कळलं, न्हाई म्हटलं की फास हाय.’

अगं आये! खरं बोलावं, पण इतकं? डॉक्टरांनी गावकराला, चुलत्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. डॉक्टर तिला मऊ आवाजात म्हणाले, ‘तुझ्या जागी मी असतो तर मीही असंच बोललो असतो,’ आणि गाडीत बसले.

कोर्टात तो शहाणाच ठरला. त्याला घाटाखाली नेऊन फाशी दिली. गावाला कळवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

वाडीच्या कुंपणाबाहेर पेंढ्याची खोप दिसली. त्यात म्हातारी होती. तिला विस्तव कुणी देत नव्हतं, पाण्यावर येऊ देत नव्हतं. मी गावकराला बातमी सांगितली, तर तो लांबूनच म्हणाला, ‘तिनं नाव घ्येतलं, म्हनून पोर ग्येलं.’ मला वाटलं, ह्याचं थोबाड फोडावं.

मी तिच्यापुढं बसलो. बातमी सांगावी लागलीच नाही. तीच म्हणाली, ‘बाबा, मी बोलले नसते तर वाचला आसता. व्हय न्हवं?’

काय सांगू? ‘नाही’ हा शब्द ओठांवर आला होता. पण पुढं ती विचारणार, मग कशानं गेला? आणि खरं सांगायचं तर, पहिल्या दिवशीच बोलली असती तर वाचला असता. तिचं मानलं तरी कारण ती, माझं मानलं तरी तीच. मी गप्प बसलो. त्या गावकरासारखाच.

तिनं पेजेचा वाडगा पुढं केला. तिच्या हातचं कुणी घेत नव्हतं. मी पेज पिऊन टाकली आणि वाडगा पुन्हा पुढं धरला.