पंख्याकडे पाहणारे भाऊ

बंबवाले भाऊ बोलताना समोरच्या माणसाकडे पाहत नसत, छताच्या पंख्याकडे पाहत. समोर वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई असोत की परदेशातून आलेले प्राध्यापक, भाऊंची नजर आधी वर जाऊन यायची आणि मगच तोंड उघडायचं. त्या प्राध्यापकांनी मला हळूच विचारलं होतं, हे प्रार्थना करतात का? मी हो म्हणालो. न समजलेल्या गोष्टीला श्रद्धा म्हटलं की संशोधन पुढे सरकतं.

गडचिरोली जिल्ह्यात, वडशाहून तासाभराच्या वाटेवर, मुलींचं ते वसतिगृह. तिथे भाऊंनी अठरा वर्षं रोजंदारीवर लाकडं पेटवून बंब तापवला. मग आमचा प्रकल्प आला आणि बंबाच्या जागी हीट पंप बसला. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं हे यंत्र. उलटा केलेला फ्रिजच म्हणा. एक परदेशी विद्यापीठ, नागपूरचं एक अभियांत्रिकी कॉलेज आणि यंत्र बनवणारी कंपनी मिळून त्यासाठी एक ॲप तयार करत होते. पंप केव्हा चालवायचा आणि तो केव्हा बिघडेल, हे ॲप दुरूनच सांगणार होतं. या सहयोगाचा मी क्षेत्रीय समन्वयक होतो, म्हणजे एसटीने जाऊन फोटो पाठवणारा.

उद्घाटनाला पाहुण्यांनी आता जंगल वाचलं असं जाहीर केलं. मंडपाच्या लाकडी बल्ल्या त्याच जंगलातल्या होत्या, पण ते कुणी बोललं नाही. भाऊंना शाल मिळाली. कसं वाटतंय, असं मी विचारलं तेव्हा ते पंख्याकडे पाहून म्हणाले, "पोरीयनं गरम पान्यानं आंग धुतलं पाह्यजे साहेब. बाकी सब डेकोरेशन." बंब गेला, भाऊ पंप सांभाळू लागले, तरी मुली त्यांना बंबवाले भाऊच म्हणत राहिल्या.

माझ्या मोबाइलची ते मजेत टिंगल करत. "तुमचा मोबाइल सांगते का पानी किती गरम हाय? पोट्टी आतून ओरडली का मलेबी समजते. चार्जिंग नाई लागत."

ॲपच्या हिशेबाने पंप दुपारी चालवणं सर्वांत चांगलं, कारण दुपारची हवा उबदार असते आणि विजेची बचत होते. भाऊ मात्र नेमका दुपारी तो बंद करत आणि पहाटे सुरू करत. दर वेळी पडद्यावर लाल अक्षरं उमटत: मानवी हस्तक्षेप. महिनाभर ती अक्षरं पाहून मी शेवटी वसतिगृहात गेलो.

"भाऊ, बंद काऊन करता?"

त्यांनी मला पंख्याखाली उभं केलं. "पाहा जी. उन्हाळी धानाचा रोवना सुरू हाय. दुपारी शेतीची लाइन आली का साऱ्या मोटरा एकाच टायमाले सुरू होते, अन् पंखा म्हातारा होते. ओल्टेज पडलं. तवा मशीन चालू ठेवली तं आतली कॉइल जयून जाईन. म्हनून मी तिले झोपवतो."

मी वर पाहिलं. पंखा खरोखरच एकेक पातं मोजता येईल इतका हळू फिरत होता. आमच्या यंत्रावर तापमान मोजायला सहा संवेदक होते. व्होल्टेज मोजायला एकही नव्हता. संवेदकांची यादी ज्या देशात झाली, तिथे व्होल्टेज ही काळजी करायची गोष्टच नव्हती.

हे मी ऑनलाइन बैठकीत सांगितलं. एकदाच सांगितलं, तेही चाचरत. प्राध्यापकांनी सौजन्याने विचारलं, "याचं मोजमाप आहे का?" नव्हतं. पंखा होता. नागपूरचे सर हसले. प्रकल्पाला मुदतवाढ मिळायची होती, माझी नोकरीही तिच्यावरच होती, आणि शोधनिबंधाला एक ठळक निष्कर्ष हवा होता. मी अहवालात लिहिलं, "अप्रशिक्षित कर्मचाऱ्याचा वारंवार हस्तक्षेप." 'अप्रशिक्षित' हा शब्द मला कुणी सुचवला नव्हता. तो मीच शोधला, आणि सापडला तेव्हा बराही वाटला.

अहवाल वसतिगृहाच्या कार्यालयात पोचला. भाऊंना सोमवारपासून येऊ नका असं सांगण्यात आलं. पंपाच्या बटणावर पेटी बसवून कुलूप लावलं. दोन आठवड्यांनी भर दुपारी पंप जळाला. ॲपने बिघाड तत्काळ ओळखला, आणि आमच्या शोधनिबंधातला सर्वांत वाखाणला गेलेला परिच्छेद तोच. मुलींनी उरलेली थंडी गार पाण्यावर काढली. त्याबद्दल परिच्छेद नव्हता.

मी भाऊंच्या घरी गेलो ते सगळं सांगायचं ठरवूनच. त्यांच्या बायकोने कोरा चहा ठेवला. भाऊ म्हणाले, "मशीन जयाली म्हनते?"

"हो."

"दुपारी चालवली असन."

"हो."

त्यांना आनंद झाला नाही, वाईटच वाटलं. मग म्हणाले, "साहेब, तुमी आले तं एक काम होतं. वडशाच्या राइस मिलमंधी बॉयलरवर मानूस पाह्यजे. मालक म्हनते, पहिलं काम काऊन सुटलं थे सांग. आता मलेच कोनी सांगतलं नाई तं त्याले का सांगू? तुमाले मालूम हाय का जी?"

सांगायला यापेक्षा सोपी जागा मिळाली नसती. मी म्हणालो, "वरून आदेश आला होता."

"हो, वरूनच येते," भाऊ समजुतीने म्हणाले. "मंग एक कागद लिवून द्या का मी मशीन सांभाळली म्हनून."

पिशवीत प्रकल्पाचे छापील कागद होते. तिथेच खाटेवर बसून मी लिहिलं: प्रामाणिक, कष्टाळू, यंत्रांची उत्तम जाण. खाली सही केली. अहवालावरही तीच होती. भाऊंनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी बायकोलाही जवळ बोलावलं.

"माह्याबद्दल कोनी पह्यल्यांदाच लिवलं जी," ते म्हणाले.

मी चहा संपवून निघालो.

त्या कागदावर त्यांना मिलमध्ये काम लागलं. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. "साहेब, तुमच्यामुळं झालं." मी म्हणतो, "नाही हो भाऊ, माझ्यामुळे नाही." त्यांच्याशी मी इतकंच खरं बोलतो, आणि त्यांना तो माझा विनय वाटतो.