पॅराशूटची तार

अकोल्याला नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. बार्शीटाकळीला मुलगी बघायला निघालो आणि मित्राकडून मागून आणलेल्या मोटरसायकलची क्लचची तार अकोल्यातच अडकली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं तार बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि डोळे मिटून दोन बोटांतून हळूहळू ओढत बसला, जणू जपच चाललाय. मग तेलाचा थेंब सोडला आणि तोही पुसून टाकला.

"अहो, तिकडे लोक वाट बघताहेत," मी म्हणालो.

"घाई कावून करून राहिले, साहेब? मी फौजेत पॅराशूट उघडाच्या तारा साफ करत होतो. पहिले मलेही तुमच्यावानी घाई राहे. मंग एक दिवस आमचा साहेब म्हणे, आज तुह्या हातची तार घेऊन तूच उडी मार."

"मग?"

"इमानाच्या दारात उभा राहिलो, अन् ते तार पुसली का नाही, तेच आठवेना!"

"उघडलं का पॅराशूट?"

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाही तं इथं काय माह्यं भूत बसलं का?"

मी घड्याळ बघणं सोडलं आणि ब्रेकचीही तार काढायला सांगितली. त्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

बार्शीटाकळीला पोचलो तेव्हा पोहे गार झाले होते आणि मुलीचे वडील तापले होते. मी खरं कारण सांगितलं, तशी आतल्या खोलीत मुलगी खुदकन हसली. लग्न ठरलं. वडिलांनी एवढंच बजावलं, "वरात बैलगाडीनं आणा, पण येळेवर आणा."